जात्यातलं चिंधीचं कडं

नवऱ्याला मी जन्मभर अहो म्हटलं. इथे लिहिताना मात्र एकेरीवर येणार आहे. या वयात तेवढी मोकळीक मला हवी, आणि तो आता हे वाचायला नाही.

आमच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात चाराची झाडं असतात. चारोळी त्याचीच. शहरातल्या बायका बासुंदीवर चारोळी पेरतात, पण ती झाडाला लागते असं सांगितलं की त्यांना नवल वाटतं. वाण्याच्या डब्यातच ती पिकते अशी त्यांची समजूत असावी. चाराचं फळ वाटाण्याहून थोडं मोठं. पिकलं की काळं होतं आणि खाल्लं की जीभ जांभळी करतं. गर चोखून संपला की टणक बी उरते, आणि त्या बीच्या कवचात चारोळीचा दाणा असतो. कवच असं घट्ट, की आतल्या दाण्याला कोंब काढायचा असला तरी बाहेर येता येत नाही. जंगलात झाडाखाली बियांचा सडा पडलेला असतो आणि रोप म्हणाल तर शोधावं लागतं.

हे मला लग्नाआधी काही ठाऊक नव्हतं. मी आरमोरीकडची, धानवाल्यांची लेक. आमच्याकडे बी म्हणजे धान. भिजवायचं, पोत्यात दाबून ठेवायचं, मोड दिसले की रोपांसाठी पऱ्हे टाकायचे. धान माणसाला फार वाट पाहायला लावत नाही. लग्न होऊन मी कुरखेड्याकडे आले ती एकदम जंगलखात्याच्या नर्सरीत. लोक तिला सरकारी बाग म्हणत. बाग कसली, रस्त्याकडेला काट्याचं कुंपण, एक विहीर, आणि सागाच्या, आवळ्याच्या, सीताफळाच्या रोपांचे वाफे. नवरा तिथे माळी होता, पण रोजंदारीवरचा. काम आहे तोवर रोज, काम संपलं की घरी. आम्ही राहायचो ती झोपडीही त्याचीच त्याने कुडाची बांधलेली होती.

साहेब आठवड्यातून एकदा सायकलवर यायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मनात चार भरला होता. जंगलातली चाराची झाडं कमी होत चालली, फळांसाठी व्यापाऱ्यांची माणसं फांद्याच तोडून नेतात, तेव्हा रोपं करून लावली पाहिजेत असं त्यांचं म्हणणं. त्यांनी नवऱ्याला एक दिवस सरळ सांगितलं, "चार उगवून दाखव, मी तुझं नाव कायमच्या यादीत घालतो."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात चाराशिवाय दुसरा विषय नाही. नवऱ्याने बिया साध्या पाण्यात भिजवल्या. काही झालं नाही. साहेबांनी पुस्तकात वाचून तेजाबाची बाटली आणली, तिने बियांना काही केलं नाही, नवऱ्याची दोन बोटं मात्र सोलून निघाली. मग उकळत्या पाण्याचा प्रयोग झाला. चुलीवरच्या भगोण्यात बिया टाकून तो ढवळत बसला होता, तेव्हा मी विचारलं, "फोडणी केव्हा देता?" तो हसला नाही. दोन उन्हाळे असे गेले. लांबलचक वाफ्यात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी रोपं आली, आणि त्यातली निम्मी किड्यांनी खाल्ली.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती बाई आली. म्हणजे ती रस्त्याने नेहमीच जायची. आमच्यापासून दोन कोसांवर जंगलात गोंडांचं गाव होतं, तिथल्या बाया बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपल्या घेऊन कुरखेड्याला जात आणि येताजाता आमच्या विहिरीवर पाणी पीत. ही त्यांच्यात वयाने सगळ्यांत मोठी. दंडावर, पायांवर गोंदण, केस पांढरे, पाठ मात्र ताठ. त्या दिवशी मी वाफ्याशी बसून न उगवलेल्या बिया उकरून पाहत होते. ती पाणी पिऊन माझ्याजवळ उकिडवी बसली.

"का करून राह्यली पोरी?"

"बी उगवत नाई बाई. पाण्यात ठेवलं, तेजाबात ठेवलं, उकळलं बी."

तिने एक बी उचलून दातांत धरली, मग हातावर घेऊन माझ्यासमोर केली. "हे पाय. घराले कडी लावून ठेवली त आतला माणूस बाहेर कसा येईल? कडी काढून दे. घर नको जाळू."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती येताना डोक्यावर टोपलीऐवजी जातं घेऊन आली. लहानसं, दोन्ही दगड वापरून वापरून गुळगुळीत झालेले. त्यांच्या गावात चारोळी काढायला असलं जातं प्रत्येक घरी असतं. धान्याचं जातं चालत नाही, ते छिन्नीने टाकून खडबडीत केलेलं असतं, त्याने दाण्याचं पीठ होतं. तिने वरचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे चिंधी मागितली. मी माझ्या जुन्या लुगड्याची किनार फाडून दिली. तिला पीळ घालून तिने बोटभर जाड कडं केलं आणि मधल्या लाकडी खिळीत घातलं. त्यावर वरचा दगड बसवला. कड्यामुळे दगड जरा उचललेला राहिला. मग मूठभर बिया टाकून तिने खुंटा धरला आणि हलक्या हाताने फिरवलं.

"कान दे," ती म्हणाली.

आतून कट कट असा आवाज येत होता. कवच शिवणीवर उलत होतं, पण दाण्याला धक्का नव्हता. तिने मुद्दाम कडं काढून एकदा फिरवलं, तेव्हा कर्र असा आवाज आला आणि भुगा बाहेर पडला. कडं किती जाड हवं हे डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं. बिया दरसाल लहानमोठ्या असतात, त्याप्रमाणे चिंधी कमीजास्त गुंडाळायची. मी दिवसभर ते करत बसले. संध्याकाळपर्यंत माझ्या कानाला ते कळायला लागलं. आयुष्यात मला जे थोडंफार नीट आलं त्यातलं ते एक आहे आणि ते मी मिरवते.

तिने आणखीही सांगितलं. फोडलेली बी ठेवायची नाही, चार दिवसांत मातीत गेलीच पाहिजे, नाहीतर तेल सुटून खवट होते. पाण्यात टाकून तरंगेल ती फेकायची. रातभर शेणकाल्यात ठेवायची. पेरल्यावर वरून राख, म्हणजे मुंग्या येत नाहीत. मी तिला म्हटलं, "जातं केव्हा परत आणू?" ती म्हणाली, "तुह्यं काम होते तवर राहू दे. माह्या सुनेचं दुसरं हाये."

त्या वर्षी चार उगवला. तीन आठवड्यांनी मी सकाळी पाणी घालायला गेले तर राखेतून लालसर माना वर आलेल्या. मी खाली बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू. नवरा धावत आला, त्याला वाटलं मला विंचू चावला. साहेब आले तेव्हा नवऱ्याने त्यांना सगळं समजावून सांगितलं, "मी जात्याले चिंधीचं कडं लावलं साहेब, तवा जमलं." मी तिथेच घमेलं घेऊन उभी होते. मला राग आला नाही. नवऱ्याचं नाव झालं तर भाकरी आम्हा दोघांची, असं मी समजत होते. म्हातारीला मात्र ते ऐकवलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ हसली.

पण अर्धे वाफे रिकामेच राहिले होते. बिया बाजारातल्या. व्यापाऱ्यांची माणसं एकमेकांच्या आधी पोचायच्या घाईत हिरवी फळं ओरबाडून आणत. अशा बीच्या कवचात दाणा भरलेलाच नसतो, मग कडी काढून उपयोग काय, आत कोणी नाहीच. मी हे म्हातारीजवळ बोलले. पुढच्या उन्हाळ्यात ती बाजारातून परतताना म्हणाली, "चाल मायासंगं."

ती मला त्यांच्या गावाच्या अलीकडच्या चाराच्या बनात घेऊन गेली. रस्त्यावरून ते दिसत नाही. नाल्यातून वर जायचं, मोहाची तीन झाडं लागतात, तिथून डावीकडे. बनात शिरायच्या जागी दोन झाडांना सिंदीच्या पानांचा वळलेला दोर आडवा बांधला होता. आत झाडं फळांनी वाकली होती, काही काळी, काही अजून हिरवी, आणि जमिनीवर एकाही माणसाचं पाऊल उठलेलं नव्हतं. आम्ही दोराच्या अलीकडे उभ्या राहिलो.

नवं फळ आधी देवाला. त्यांच्या गावात पंडुम होतो, त्या दिवशी फळ देवापुढे ठेवतात, आणि मगच कोणीही त्याला हात लावायचा. तोवर बाळंतिणीने मागितलं तरी नाही. पंडुम केव्हा करायचा हे गावची जुनी माणसं झाडं पाहून ठरवतात. म्हणून त्यांची चारं नेहमी पिकलेली असत. फांदी हलवली की पडतील ती घ्यायची, बाकीची झाडावर. त्यांचं वर्षाचं मीठ, तेल, लुगडी त्या चारांवर यायची, तरी आठ दिवस आधी कोणी शिरत नसे.

"पंडुम झाला का तुले टोपली देईन, पेरायले," ती म्हणाली. "पण वाट तू पाह्यली. पंडुमाआधी इथी कोणाचा पाय नको पडू देऊ."

मी म्हटलं, "माह्यामुळं कोणाचा पाय नाई पडणार, बाई." तेवढाच शब्द मी दिला. ती शपथ घ्यायला लावणारी बाई नव्हती.

घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितलं. का सांगितलं हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. मला मिरवायचं होतं. सगळी नर्सरी ज्या चांगल्या बीसाठी तरफडत होती ती कुठे आहे हे मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं, हे सुख मला एकटीला पचलं नाही. नाला, तीन मोह, डावीकडे, दोर, सगळं सांगून टाकलं. वर बजावलं, की पंडुमाआधी तिकडे कोणी जायचं नाही, मी शब्द दिला आहे. तो म्हणाला, "माह्या तोंडून एक अक्षर निघणार नाई. इश्वास नाई का तुह्या माणसावर?" विश्वास होता. नवरा काय परका असतो, असं माझं तेव्हाचं शहाणपण.

त्या वर्षी पंडुम झाल्यावर तिने खरंच टोपली भरून काळी चारं दिली, आणि वाफ्यात जागा उरली नाही इतकी रोपं आली. पळसाच्या पानांचे द्रोण करून मी त्यांत ती लावली. लोक बघायला येत. माझं ते वर्ष फार सुखात गेलं.

नंतरच्या वर्षी आपला मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलेला होता. आमच्या कुडाच्या झोपडीला त्याने काही फरक पडला नाही, पण साहेबांच्या कागदांवरचा शिक्का बदलला, आणि नव्या राज्याचे कोणी मोठे अधिकारी पावसाळ्यात चाराची रोपं पाहायला येणार असं ठरलं. साहेब नवऱ्याला म्हणाले, या वेळी दुप्पट वाफे हवेत, मग तुझं काम पक्कं. त्याच वैशाखात माझ्या भावाचं लग्न होतं. मी निघताना नवऱ्याला म्हटलं, "पंडुम या साली उशिरा हाये, बाई म्हणत होती. मी येतपर्यंत होऊन जाईल. मी आली का टोपली आणतो दोघं." तो हो म्हणाला. मान हलवून, डोळ्यांत पाहून हो म्हणाला.

लग्नाचं आटोपून मी दहा दिवसांनी परत आले. झोपडीत पाय ठेवला तर निम्मी जागा तणसाने भरलेली. तणशीत चारं. पाच पोती तरी असतील, काळी झालेली, वर पोती दाबून ठेवलेली. आमच्याकडे कैऱ्यांची आढी घालतात अगदी तशी.

"हे का?" मी विचारलं.

"बाजारातून आणली. जरा हिरवी होती, आढी घातली. आता पाय कशी काळीभोर झाली."

मी बाजारावरूनच आले होते. बाजारात अजून कोणाचीच चारं आलेली नव्हती, हिरवीसुद्धा. मी लुगडं खोचून तणस सारायला लागले. कोपऱ्यात रिकामी पोती पडली होती. त्यांच्या तोंडाला बांधलेला दोर सिंदीच्या पानांचा होता. तोडून त्याचे दोन तुकडे केले होते.

तो दोर मी हातात घेऊन त्याचा पीळ उलगडून पाहिला. दोर म्हातारीनेच वळलेला असायचा, ती तीन पानं घेऊन उलटा पीळ घालायची, मी तिला ते करताना पाहिलं होतं.

"हा कुठी भेटला?"

"तू का पोलीस झाली का? वाटेत पडला होता."

"पंडुम झाला?"

तो आढीवरची पोती सारखी करायला लागला. मग एकदम बोलायला लागला, आणि त्यातला शब्दन् शब्द मला आजही आठवतो. वादळ आलं असतं तर फळ गळून गेलं असतं. व्यापाऱ्याच्या माणसांनी नेलं असतं. त्यांच्या पंडुमाच्या भरवशावर आपलं कायमचं काम घालवायचं का. "आणि मी तुह्या शब्दाले धक्का नाई लावला. मी कोणालेच वाट सांगितली नाई. चार मजूर घेतले, त्यायले आधी काही बोललो नाई, मी सोता पुढं होतो. जंगल का त्या बुढीच्या बापाचं हाये? सरकारचं हाये."

"मी बाईले शब्द देल्ला होता."

"तू देल्ला. मंग मीनं का करू?"

माणूस असा कसा असतो, मला कळेना. त्याने चोरी केली याहून मला हे जास्त लागलं, की ज्या रात्री मी त्याला जवळचा म्हणून ते सांगितलं त्याच रात्री त्याने ती वाट मनात मोजून ठेवली असणार. वर्षभर ठेवली. वर्षभर माझ्यासमोर जेवला, माझ्या पाठीला तेल लावलं, आणि मी माहेरी जायची वाट पाहिली. मला फसवलं, आणि माझ्याच जिभेने फसवलं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. त्याने मुरमुरे खाल्ले.

यापुढचं लिहायला मला जड जातं. दुसऱ्या दिवशी मी जात्याशी बसले. नको म्हणायला हवं होतं, पण चारं झाडावर परत लावता येत नाहीत, आणि ती उगवली तर निदान वाया गेली नाहीत असं म्हणता येईल, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं. खरं कारण एवढंच, की मलाही ती कायमची नोकरी हवी होती. मी खिळीत कडं घातलं, मूठ टाकली आणि खुंटा फिरवला. कट असा आवाज आलाच नाही. पचपच झालं. कवच मऊ, आत दाण्याच्या जागी दुधासारखं पाणी. आढीत साल काळी पडली होती, पिकलं काहीच नव्हतं. कैरी झाडावरच आतून तयार झालेली असते म्हणून आढीत पिकते. चाराचं तसं नाही. धानवाल्यांना आणि आंबेवाल्यांना हे कोण सांगणार? त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या आढी घालत आले होते, त्याला वाटलं तणस काहीही पिकवते.

त्यातल्या त्यात बऱ्या होत्या त्या पेरल्या. राख टाकली. रोज पाणी घातलं. अधिकारी आले तेव्हा वाफे कोरे होते, नुसती ओली राख. मी विहिरीवर होते, ते सगळे वाफ्याशी उभे होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, आधीच्या वर्षी जमलं ते या वर्षी का नाही? आणि मी माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकला. तो म्हणत होता, "फोडायचं काम या साली मंडळीनं केलं साहेब. बाईमाणसाचा हात, जोर पडला. दाणे फुटले."

उगवलं तेव्हा त्याच्या हातचं, कुजलं तेव्हा माझ्या हातचं. मी घागर भरून वर काढली आणि तशीच परत विहिरीत ओतली.

त्या पावसाळ्यात म्हातारी आमच्या विहिरीवर आली नाही. बाजाराच्या दिवशी गोंडांच्या बाया रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात, पाणी न पिता. ती मधे असायची, मान सरळ. मी कुंपणाशी जाऊन "बाई" अशी हाक मारली तर बाकीच्यांनी वळून पाहिलं, तिने नाही. बाजारात त्या चारोळी घेऊन ज्या ओळीत बसत ती जागा त्या वर्षी रिकामी होती. मिठाच्या दुकानदाराने मला आपणहून सांगितलं, की त्या गावाने या साली पंडुमच केला नाही. देवाच्या आधी कोणीतरी फळ तोडलं, मग उरलेल्याला गावाने हात लावला नाही, पाखरांसाठी सोडून दिलं. तो हे हसत सांगत होता. मी मीठ न घेताच निघाले.

नवरा पुढच्या वर्षी कायम झाला. चारामुळे नाही. साहेबांची बदली झाली, नवे साहेब पेरूचे शौकीन निघाले, आणि पेरूची कलमं नवऱ्याला चांगली येत. इतकं सोपं होतं ते. कौलारू खोली मिळाली. त्या खोलीत मी त्याच्याबरोबर पुढे तीसेक वर्षं काढली, मुलं वाढवली, त्याच्या आजारपणात त्याचं सगळं केलं. पण मला ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट मी त्याला पुन्हा कधी सांगितली नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

नव्या खोलीत सामान नेताना जातं समोर आलं. नवरा म्हणाला, "घे, लागलं तर." मी दुसऱ्या दिवशी पहाटे ते जातं डोक्यावर घेतलं आणि निघाले. नाल्याच्या वाटेने गेले नाही, बैलगाडीच्या रस्त्याने वळसा घालून गेले. दोन कोसांत चारदा उतरवून ठेवावं लागलं. वाटेत मी बोलायचं सगळं ठरवलं होतं. मी माहेरी होते हे सांगायचं, दोराचं सांगायचं, मंडळीचा हात जड पडला हे तो कसा बोलला तेही सांगायचं. तिला माझी कीव येईल असं वाटत होतं. फसवली गेलेली मी होते ना.

ती अंगणात टोपली विणत होती. मला पाहून उठली, जातं उतरवायला हात दिला आणि आतून भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणून दिलं. पाणी ती कोणालाही देते. मी प्यायले, आणि ठरवलेलं सगळं घाईघाईने एकात एक बोलून गेले.

"मी नाई आली बाई. मी त आरमोरीकडं होती, भावाच्या लग्नाले. माह्या नवऱ्यानं केलं. मले बी फसवलं त्यानं."

तिने ऐकून घेतलं. मधे थांबवलं नाही.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "पोरायनं पाह्यलं त्याले. तू नव्हती."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिचा हात धरायला पुढे झाले. तिने हात सोडवून घेतला, रागाने नाही.

"त्याले वाट कोणी सांगितली?"

 दुसऱ्या कोणाचं नाव घेता येण्यासारखं नव्हतं.

"मीनं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, बाजारात कोणी भाव सांगितल्यावर हलवतात तशी. मग ती जात्याजवळ बसली. वरचा दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. मधल्या खिळीत माझ्या लुगड्याच्या किनारीचं कडं अजून होतं, तेलाने काळं झालेलं. तिने ते काढलं, झटकलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"हे तुह्यं," ती म्हणाली, आणि एकेक दगड उचलून घरात घेऊन गेली. मी अंगणात थोडा वेळ उभी राहिले. ती परत बाहेर आली नाही.